मखमली झबल्यातलं यंत्र

एका जंगलात, मुलांनो, झाडं होती, झरे होते, काजवे होते. विद्यापीठ मात्र नव्हतं. शेजारच्या जंगलात झालं, म्हणून मग याही जंगलात झालं.

विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा विभाग होता. तिथे पदवी मिळे, पदव्युत्तर पदवी मिळे आणि फारच चिकाटी असेल तर डॉक्टरेट मिळे. प्रात्यक्षिकाच्या तासाला उत्तर आधी फळ्यावर लिहिलं जाई. मग विद्यार्थी त्यावरून निरीक्षणं काढत. बाहेर टपाटप जांभळं पडत असत. पण ती उत्तराप्रमाणे पडतात की नाही, हे बघायला कोणी खिडकीशी जात नसे.

विभागप्रमुख होते गवा सर. मोठे प्रेमळ. त्यांच्याकडे एक प्रकाशमापक यंत्र होतं, दूरदेशाहून आणलेलं. अंधुकातला अंधुक उजेडही ते मोजू शके. आलं त्या दिवशी सरांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि त्याला जाड मखमलीचं झबलं शिवून घातलं. ते झबलं पुन्हा कधी निघालं नाही.

केशर नावाची एक शेकरू तिथे संशोधन करत होती. विषय होता काजव्यांचा उजेड. एक काजवा किती उजेड देतो आणि झाडभर काजवे मिळून किती, हे तिला मोजायचं होतं. काजव्यांचा हंगाम थोडा. दरवर्षी तो येई, केशर यंत्र मागे, आणि हंगाम निघून जाई. यंदा तर तिच्या नोंदणीची मुदतच संपत आली होती. प्रबंध झाला नाही तर डॉक्टरेट नाही. घरी आत्याने एक झाड, झाडात एक ढोली आणि ढोलीत बसलेला एक नवरा तिच्यासाठी बघून ठेवला होता.

ती सरांकडे गेली.

"सर, यंदा तरी यंत्र द्या."

"देतो की! तुझ्याचसाठी तर आणलंय. पण आत्ता नको गं बाळ. विभागाला श्रेणी द्यायला समिती येणार आहे."

"मागच्या वर्षीही येणार होती."

"आली नाही ना? म्हणजे यंदा नक्की येणार."

"मी सांभाळून वापरीन, सर."

"वापरलं की बिघडतं. बघ, इतकी वर्षं झाली, एकदा तरी बिघडलं का?" सरांचे डोळे भरून आले. "झबलं तेवढं काढू नकोस. बाकी तुला काय करायचं ते कर. मी आडवा येणारा माणूस नाही."

सर माणूस नव्हते, हे खरंच होतं.

ती यंत्रासमोर जाऊन बसली. झबलं थोडं तोकडं झालं होतं. खालच्या बाजूला बटण आणि काटा उघडेच होते. तिने बटण दाबलं. काटा शून्यावर. तासाभराने पाहिलं, शून्य. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी शून्य.

केशरने बराच वेळ शेपटी खाजवली. मग विषय बदलला. नवा विषय होता, 'मखमलीखालील अंधाराची स्थिरता'.

"वा!" गवा सर म्हणाले. "याला म्हणतात मूलभूत संशोधन!"

काम झपाट्याने पुढे गेलं. प्रबंध होत आला, आणि एका संध्याकाळी काटा हलला. शून्यावरून उठला, थरथरला, खाली बसला, परत उठला. केशरने वाकून पाहिलं. झबल्याच्या आत एक काजवा शिरला होता.

ती धावत सुटली. "सर! सर! काजवा मोजला गेला!"

सरांनी चष्मा लावून आकडे पाहिले. "बाकी सगळी शून्यं आहेत ना? मग हे चुकलेलं दिसतंय. खोडून टाक."

"पण सर, मला हेच तर..."

"समिती उद्या येतेय, बाळ. एका काजव्यासाठी एवढा चांगला अंधार बिघडवणार का तू?"

केशरला ढोली आठवली. ढोलीत बसलेला तोही आठवला. तिने तो आकडा खोडला आणि काजव्याला ओंजळीत धरून बाहेर सोडलं.

समितीच्या अध्यक्ष होत्या अस्वल मॅडम. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला. "किती जपलंय हो! आमच्याकडची यंत्रं मुलं वापरतात. पार रया गेलीय."

मग त्यांनी केशरचा प्रबंध उघडला. "इतकी तंतोतंत निरीक्षणं? एकही इकडेतिकडे नाही?"

"एक होतं," केशर हळूच म्हणाली.

गवा सर खोकले.

"खोडलंय."

"शाब्बास," अस्वल मॅडम म्हणाल्या. "प्रामाणिक आहेस हो पोरी."

विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. केशरला डॉक्टरेट मिळाली. पुढे गवा सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत डॉक्टर केशर बसल्या. एक साळिंदर दरवर्षी त्यांच्याकडे यंत्र मागायला येतो. "देते की," त्या म्हणतात, "पण समिती येणार आहे."

काजव्यांच्या हंगामात मात्र त्या संध्याकाळी एकट्याच यंत्राच्या खोलीत जातात. बटण दाबतात, झबल्याची कड जराशी उचलून धरतात आणि काट्याकडे बघत बसतात. बाहेर कोणाची पावलं वाजली की कड सोडून देतात.

तात्पर्य: मुलांनो, उजेडाच्या नादी लागू नये. तो कमीजास्त होतो आणि प्रबंध लांबतो. अंधारावरच संशोधन करावं. तो नेहमी उत्तराप्रमाणे येतो. झबलं मात्र जरा तोकडंच शिवावं.