वस्तूले ऐकू जास

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी सहा वाजता एक म्हातारा मोबाइलसमोर उभा राहून ओरडायचा. फोनवर ओरडणारे आमच्या नंदुरबारात पुष्कळ आहेत, पण त्यांच्या फोनमध्ये पलीकडे कुणीतरी असतं. हिलालआप्पांच्या फोनमध्ये कुणी नसे. पितळी तांब्याला टेकवून ते फोन स्टुलावर उभा करत, डोक्यावर पांढरी टोपी चढवत आणि खणखणीत आवाजात लिलाव पुकारत. "सहाशे... सहाशे पन्नास बोला भाऊ... सहाशे पन्नास एक..."

फोनच्या पडद्यावर एका परदेशी लिलावाच्या साइटवर आप्पांचा जुना अडकित्ता विकायला ठेवलेला असे. आकडा बदलला की आप्पांचा आवाज चढे. बोली लावणारा कोइमतूरला किंवा त्याहून लांब कुठेतरी गुपचूप बसलेला. एकदा मी न राहवून म्हटलं, "आप्पा, त्या माणसाला तुमचं काही ऐकू जात नाही."

"त्याले नही जात," आप्पा म्हणाले. "पन वस्तूले ऐकू जास ना."

मी त्यांच्या शेजारी राहतो. धडगावला सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवून आता घरी बसलो आहे.

आप्पांची एकतीस वर्षं इथल्या मिरची बाजारात लिलाव पुकारण्यात गेली. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो, ऐन हंगामात तिथून नुसतं चालत गेलं तरी माणूस शिंकत आणि रडत बाहेर येतो. व्यापारी नाकाला रुमाल बांधून फिरतात. आप्पा त्या लाल ढिगांमध्ये उघड्या तोंडाने उभे राहत आणि त्यांना कधी ठसका लागला नाही. शपथही ते देवाची घेत नसत. "लाल मिरचीनी आन" एवढं म्हटलं की विषय संपला.

त्यांचे नियम दोन. गाड्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने बोली लागणार. अक्कलकुव्याकडून एकच पोतं घेऊन आलेला असो की ट्रॅक्टर भरून आलेला, कुणाची गाडी पुढे नाही की मागे नाही, आणि आवाज दोघांनाही तेवढाच. दुसरा नियम, एकदा 'एक' म्हटलं की 'तीन'पर्यंत जायचं. बोली मध्येच सोडणं म्हणजे माणसाला भरल्या ताटावरून उठवणं, असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांना जुनं पितळ जमवायचा नाद लागला. अडकित्ते, वजनं, दौती, किल्ली हरवलेली कुलपं. घरात बसायला जागा उरली नाही की जुन्या सामानाचे दुकानदार रशीदभाई फटफटीवरून येत. अडकित्त्याच्या भावावरून दोघे तासभर भांडत, दोन वेळा चहा होई आणि सौदा ठरे. सगळं छान चाललं होतं. पण मी निवृत्त मास्तर होतो आणि मला कुणाला तरी काहीतरी शिकवायचं होतं. मी आप्पांना म्हटलं, तुम्ही विहिरीत ओरडताय, बाहेर अख्खं जग उभं आहे. साइटवर त्यांचं खातं मी उघडलं, फोटो मी काढले, इंग्रजी मजकूर मी लिहिला. रशीदभाईंना कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, "चलो सर, मेरा पेट्रोल बचा." पुन्हा ते गल्लीत आले नाहीत.

सुरुवातीची दोन वर्षं बरी गेली. साइट विक्रीतून आपला वाटा कापून घेई. आप्पा त्याला आढत म्हणत आणि आढत देवालाही चुकलेली नाही, हे त्यांना मान्य होतं. मग आढत वाढली. पुढे पैसे पोचवण्याबद्दल वेगळी कापणी सुरू झाली. त्यानंतर टपालखर्चावरही टक्केवारी लागली, तेव्हा आप्पा स्टुलावर बसले. "मास्तर, आते हाई लोके रिकामा पोतानी बी आढत लेतीन का?" एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण हे सगळं कुणी कबूल केलं, असं त्यांनी विचारलं आणि मी खरं सांगितलं. इंग्रजीत निरोप येतो, खाली एक बटण असतं, ते मी दाबतो.

पुढचे तीन दिवस आप्पांनी मला पानटपरीवर, दळणाच्या गिरणीत आणि एकदा तर अंत्ययात्रेत सुनावलं. "मन्ही गाडी, मन्हा माल, आनि कबूल करनारा हाऊ." गल्ली हसली. माझे जुने विद्यार्थीही हसले. मला ते लागलं. या वयात लागू नये इतकं लागलं.

म्हणून पुढचा निरोप आला तेव्हा मी त्यांना सांगितलंच नाही. त्यात लिहिलं होतं, आढत पुन्हा वाढते आहे. शिवाय ज्याला आपली वस्तू गिऱ्हाइकाला आधी दाखवायची असेल त्याने आणखी वेगळे पैसे भरावेत. जो भरणार नाही त्याची वस्तू मागच्या पानांवर जाईल. मी बटण दाबलं. वेगळे पैसे भरले नाहीत, कारण भरायचे तर आप्पांना विचारावं लागलं असतं आणि पुन्हा पानटपरी झाली असती. म्हणजे ज्या माणसाने एकतीस वर्षं कुणाची गाडी मागे जाऊ दिली नाही, त्याची गाडी मी मागे नेऊन लावली आणि गप्प बसलो.

बोल्या यायच्या थांबल्या. सहा वाजता आप्पा टोपी घालून उभे राहत. "पाचशे... पाचशे बोला भाऊ..." पडद्यावर आकडा हलत नसे. पहिल्याच बोलीला गिऱ्हाईक नाही, तर 'एक' म्हणायचं कुणाच्या नावावर? आप्पा भाव उतरवत. चारशे. साडेतीनशे. गल्लीतली पोरं आधी नक्कल करायची, मग त्यांनाही कंटाळा आला. असे पंधरा-वीस दिवस गेले.

एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "मास्तर, खरं सांग. काय व्हयनं?"

तेव्हा तरी सांगायचं. मी म्हणालो, "आप्पा, वय झालं. तुमची भावाची नजर आता पूर्वीची राहिली नाही."

त्यांनी वाद घातला नाही. रशीदभाईंशी एका अडकित्त्यासाठी तासभर भांडणारा माणूस, त्याने माझं म्हणणं पहिल्याच बोलीला मान्य केलं. मास्तर खोटं कशाला बोलेल? त्यांनी टोपी काढली, घडी केली, खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता गल्ली शांत. बाजारातले जुने हमाल, व्यापारी मला विचारत. मी सांगे, आप्पांना आता भाव कळत नाही. तेही तसंच सांगू लागले. अजून सांगतात.

इथे आप्पांच्या बायकोबद्दल सांगायला हवं. सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, गुडघ्यांमुळे आतल्या खोलीतली खाट सुटत नसे. लिलाव बंद होऊन महिना झाला असेल, मी साखर मागायला गेलो, तर त्यांनी आतून हाक मारली.

"मास्तर, ते पुकारतस नही आते. सांज कव्हय व्हस, मले समजत नही."

मी साखरेची वाटी हातात घेऊन उभा राहिलो. साइटवर लिलाव संपायची वेळ आपण निवडायची असते. रात्री नऊची ठेवा, तेव्हा लोक घरी असतात, जास्त बोल्या येतात, असं मी आप्पांना शंभर वेळा समजावलं होतं. आप्पा म्हणत, सहाच. मी त्याला म्हाताऱ्याचा हट्ट समजून चारचौघांत सांगून हसत आलो होतो. जिजींना दिवस आणि रात्र सारखीच. त्यांची संध्याकाळ त्या आवाजाने व्हायची. अडकित्ता विकला गेला तर ठीक, नाही गेला तरी ठीक. आणि मी तिथे आढतीचा हिशेब लपवत बसलो होतो.

जिजी सांगत होत्या, त्यांनी विचारलं तर आप्पा म्हणाले, मन्ही बी नजर गयी. मग जिजींनीच त्यांची समजूत काढली होती. "मी सांगं, जाऊ द्या. आते आपन दोन्ही सारखा." एवढं सांगून त्या हसल्या.

त्या दिवशीही मी काही बोललो नाही. आठवड्याने सांगू, असं ठरवलं. मग म्हटलं, होळी होऊन जाऊ दे. होळीनंतर नवव्या दिवशी जिजी गेल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी आप्पांच्या ओट्यावर जाऊन मी सगळं सांगितलं. निरोप, बटण, मागची पानं. आप्पा मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मला वाटलं आता शिव्या बसतील. बसायला हव्या होत्या.

"म्हंजे मन्ही गाडी मांगे उभी व्हती?"

"हो."

"आनि नजर?"

"नजर बरोबर होती, आप्पा."

त्यांनी आत जिजींच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"हाई तिले सांगाले पायजे व्हतं," ते म्हणाले.

मग उठले. भिंतीचा आधार घेत खुंटीपर्यंत गेले, टोपी झटकली, डोक्यावर घातली. फळीवरचा एक अडकित्ता घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले. फोन नव्हता, तांब्या नव्हता. घड्याळात अजून सहाही वाजले नव्हते. आवाज थोडा चिरकला, पण आप्पांचाच होता.

"पाचशे... पाचशे एक... पाचशे दोन..."

'एक' म्हटलं की 'तीन'पर्यंत जायचं हा त्यांचाच नियम, म्हणून मी तीनची वाट पाहत ओट्यावर बसून राहिलो. आप्पा खाटेकडे तोंड करून तसेच उभे होते.