सासुरवाडीला निघालेली मोटार

इंजिनाच्या बाबतीत चिंचवडपासून देहूरोडपर्यंत माझा हात धरणारा माणूस नाही. खोटं वाटत असेल तर कोणालाही विचारा. फक्त माझं गिऱ्हाईक सोडून विचारा.

माझ्या गॅरेजात दोन सीटांची एक बुटकी रेसची मोटार होती. देहूरोडच्या छावणीतला गोरा साहेब विलायतेला जाताना ती माझ्या गळ्यात टाकून गेला. दिसायला देखणी, पण तेल इतकं गळायचं, की गाडी कुठं गेली हे आंधळ्यालाही वासावरून सांगता आलं असतं.

माझी बायको गुलशन आंब्याच्या दिवसांत भावाच्या लग्नाला चाकणला माहेरी गेली. लग्न उरकून मी परतलो, ती मागं राहिली. आमच्यात नवरा स्वतः न्यायला आल्याशिवाय बायको परतत नाही. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं गेलो असतो हो! पण तिच्या भावानं, बरकतनं, भर मांडवात विचारलं होतं, "दुल्हेभाई, तुमची मोटार चालते का नुसतीच बसते?" आणि मी बोलून गेलो, "गुलशनला नेईन तर त्याच मोटारीतून नेईन."

बघता बघता हुरड्याचे दिवस आले. संध्याकाळी गॅरेज बंद केलं की मी मोटारीत जाऊन बसायचो आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघायचो. घरात करमत नव्हतं. चहा सवयीनं दोघांचा टाकायचो आणि दोन्ही कप मीच प्यायचो.

शेवटी इंजिन उतरवलं. सगळं खोललं, घासलं, पुसलं आणि जोडलं. अडलं ते चेंबरपाशी. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा तेलाचा डबा. त्याच्या कडेचं पॅकिंग फाटलं होतं आणि पुण्यातला दुकानदार म्हणाला, "या गाडीचं सामान आता विलायतेतसुद्धा मिळायचं नाही."

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या रहिमाबी खाला एका लग्नाच्या बिर्याणीला दम देत होत्या. देगीच्या झाकणाला कणीक लिंपली होती आणि आतली वाफ बाहेर पडत नव्हती. माझ्या डोक्यात उजेड पडला. वाफ अडते, तर तेल काय चीज आहे! घरी आलो, हाताला लागला तो पिठाचा डबा उघडला, गोळा मळला, चेंबरच्या कडेला बोटभर थर दिला आणि बोल्ट आवळले.

गाडी ढकलायची वेळ आलीच तर असावा, म्हणून शेजारच्या बिरूला सोबत घेतलं आणि चाकणला निघालो. येताना तो चालत येणार होता. भोसरी मागं पडली. गाडी अशी पळत होती, की मी आरशात बघून भांगही नीट केला.

"नवाबभाई," बिरू म्हणाला, "इंजानातनं भाकरीचा वास येतोय."

"नवं पॅकिंग आहे, राव. पक्कं होतंय."

"करपल्यावानी वाटतंय."

मोशीजवळ वास संपला आणि धूर सुरू झाला. मग इंजिन जाम झालं. मागं रस्ताभर तेलाची धार. तेवढ्यात चाकणकडून एस.टी. येताना दिसली. तिच्यात सासुरवाडीचं कोणी असलं तर? मी झटकन गाडीखाली शिरलो.

एस.टी. पुढं गेली नाही. थांबली, कोणीतरी उतरलं, मग निघून गेली.

"ग्रीसनं माखलेल्या असल्या टाचा पुणे जिल्ह्यात एकाच माणसाच्या आहेत," गुलशनचा आवाज आला. "बाहेर या."

बाहेर आलो. ती ट्रंक घेऊन उभी होती. माझी वाट बघून कंटाळली आणि रीतभात बाजूला ठेवून एकटीच निघाली होती. इतके दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

तिनं वाकून चेंबर पाहिला. कडेचा एक काळा कपचा काढून बोटांत चुरला.

"ही बाजरी आहे," ती म्हणाली. "दमाला गव्हाची कणीक लागते. बाजरी कशी धरून राहील?"

"गव्हाचा डबा कुठं असतो ते मला काय ठाऊक," मी म्हणालो. "तू नव्हतीस ना."

तिनं पदरानं माझ्या नाकावरचं तेल पुसलं, ट्रंक बिरूच्या हातात दिली आणि माझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

तेव्हा गुलशनला मी मोटारीतूनच घरी आणलं, हे खरं आहे. पुढं बिरूच्या मोशीतल्या पाहुण्यांचे बैल जुंपले होते, एवढं मात्र बरकतला कळवायची काही गरज नाही.