प्रत माहितीसाठी

जावकरावांनी बायकोला दोन प्रेमाचे शब्द सांगायचं ठरवलं, आणि तिथेच घात झाला.

जावकराव हे ऑफिसातलं टोपणनाव. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जावक टेबलावर बसून त्यांनी नळ तोडण्याच्या नोटिसा रवाना केल्या, तेव्हा घरचेही तेच म्हणायला लागले. उद्या सकाळी नऊला त्यांच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. वाचण्याची शक्यता शंभरात सत्तर, असं डॉक्टर म्हणाले होते. (वजाबाकी जावकरावांनी जिन्यात केली आणि तिथेच बसले.) सत्तावीस वर्षांत तिच्याशी एक गोड शब्द बोललो नाही, आता राहूनच गेलं तर, ही भीती त्यांना लागली होती. भेटीच्या वेळात ते तीनदा धीर करून तिच्या खाटेपाशी गेले. पहिल्यांदा कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारलं, दुसऱ्यांदा विजेचं बिल. तिसऱ्यांदा विचारायला काही उरलं नाही, म्हणून पंखा कमी करून परत आले.

शेवटी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर शुभेच्छापत्रं बनवायचं ॲप घेतलं. तिचा लग्नातला फोटो घातला आणि तो काळा-पांढरा केला, कारण महत्त्वाचा कागद रंगीत नसतो अशी त्यांची श्रद्धा. चौकटींत एकच फुकट होती, काळ्या काठाची, कोपऱ्यात पांढरी फुलं. (सोज्वळ वाटली.) खाली आयती ओळ होती : 'तुझी जागा कोणीच घेऊ शकणार नाही.' ती वाचून त्यांचे डोळे भरून आले. त्याखाली त्यांनी स्वतःचा मजकूर घातला : 'विषय : तुझ्याशिवाय. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, तुझ्याशिवाय मला काहीही जमत नाही व जमणार नाही. कळावे.'

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण प्रती काढल्याशिवाय कागद टेबलावरून हलू द्यायचा नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी शेवटी 'प्रत माहितीसाठी : सर्व नातेवाईक' असं लिहिलं, आणि बायकोबरोबर घरच्या ग्रुपवरही पत्र रवाना केलं.

तिसऱ्या मिनिटाला मेहुण्याचा फोन. आवाज घोगरा.

"भाऊजी, कधी?"

"उद्या सकाळी नऊला."

"तोपर्यंत तशीच ठेवणार?"

"नाइलाज आहे. त्याआधी डॉक्टर मोकळे नाहीत."

"आता डॉक्टर कशाला?"

"मग उघडणार कोण?"

मेहुणा हुंदके द्यायला लागला. "उघडू नका हो तिला. आहे तशी द्या आम्हाला."

तेव्हा कुठे जावकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रुप उघडला तर एकेचाळीस शोकसंदेश, आणि ग्रुपमध्ये बायकोही होती. त्यांनी घाईघाईने 'वरील पत्र रद्द समजावे' असा खुलासा पाठवला. त्यावर चुलत्यांनी 'मृत्यू रद्द होत नसतो, धीर धर' असं कळवलं. ते वॉर्डकडे धावले, पण भेटीची वेळ संपली होती आणि वॉचमनने दारातूनच परत पाठवलं.

सकाळी स्ट्रेचरवरून नेताना बायकोने आपला फोन त्यांच्या हातात दिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाचलं सगळं," ती म्हणाली. "मी इतकी चांगली आहे, हे आजवर कुणी कळवलं नव्हतं."

आता तरी बोल, असं जावकरावांनी स्वतःला बजावलं. तोंड उघडलं आणि चार्जर कुठे ठेवलाय ते विचारलं. ऑपरेशन थिएटरचं दार लागलं.

पाच तास ते तिच्या फोनवर तिच्याच मरणाचं दुःख वाचत बसले. सगळ्या संदेशांत तिने फक्त एकाला बदाम दिला होता. तो त्यांच्या पत्राला नव्हता. त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने लिहिलं होतं : 'सत्तावीस वर्षं आमच्या येड्याबरोबर काढली. सुटली बिचारी.'

दोनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि झडप नीट बसली म्हणाले. जावकराव भिंतीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी आत जायला दोन मिनिटं मिळाली. या वेळी काहीही विचारायचं नाही, असा पण करून ते तिच्या उशाशी वाकले. पण आधी तिचेच ओठ हलले.

"ताईंना कळवा. सुटले नाही म्हणावं."

मग दम खाऊन तिने डोळे मिटले.

"फक्त ताईंना. प्रती काढू नका."