थिजलेली फायनल

जाईबाईंच्या घरात डबा कधी मरत नसे. आइस्क्रीमच्या डब्यात सोडे, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, रंगाच्या डब्यात मोगरा, असा प्रत्येकाचा दुसरा संसार ठरलेला. त्यामुळे सून करुणा कामावरून बोलिंगच्या लेनवर लावायच्या तेलाचा रिकामा कॅन घेऊन आली, तेव्हा त्याचं घट्ट झाकण बघून जाईबाईंचा जीव त्यात अडकलाच. घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल त्यात भरलं गेलं. सात महिन्यांच्या मनस्वीच्या मालिशचं तेल.

करुणा पावसच्या रस्त्यावरच्या बोलिंग सेंटरात लेन सांभाळायची. मालक दर्शनशेठ मूळचे आंब्याचे व्यापारी. मुंबईत कुणीतरी कानात सांगितलं आणि त्यांनी आंब्याच्या शीतगृहात बोलिंगच्या चार लाकडी लेन टाकल्या. लोक आले, फोटो काढून गेले. शेठांची बायको रोज म्हणे, "मंगल कार्यालय करा. लग्नं काय थांबायची नाहीत." एवढ्यात मुंबईच्या बोलिंग हॉलच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा अचानक रत्नागिरीच्या पदरात पडली.

"करुणा," शेठ म्हणाले, "ही नीट पार पडली तर सेंटर राहणार आणि तू कायम. नाहीतर येत्या मोसमात तू इथंच अक्षता वाटत फिरशील."

स्पर्धेचं खास तेल बाहेरच्या देशातून आलं होतं. "जिवापाड जप," असं शेठांनी बजावल्यामुळे करुणा तो कॅन स्कूटरवरून रोज घरी नेई आणि खोबरेलाच्या तसल्याच कॅनशेजारी फळीवर ठेवी.

"लाकडाला तेल कशाला गो?" जाईबाईंनी विचारलं होतं.

"आई, तेलावरून चेंडू आधी घसरतो, मग कोरड्या लाकडावर पकड घेऊन वळतो. मोठ्या स्पर्धेत तेल मुद्दाम अवघड पसरतात, त्याला पॅटर्न म्हणतात. जरा चुकलं की चेंडू बाजूच्या पन्हळीत."

"म्हंजे पाहुण्यांना घसरवायलाच बोलावता की!"

फायनलच्या सकाळी मनस्वीने आईचा पदर मुठीत धरला तो सोडेना. एकेक बोट सोडवत, प्रत्येक बोटाचा पापा घेत करुणा निघाली, तेव्हा उशीर झालाच होता. फळीवरचा कॅन उचलला, स्कूटरला अडकवला, सेंटरात जाऊन तेल लावायच्या यंत्रात ओतला आणि बटण दाबलं. यंत्र गुणगुणत लेनवरून जाऊन आलं. लाकूड झळाळलं. खोबऱ्याचा वास आला खरा, पण गेले सात महिने करुणाच्या अंगाला तोच वास होता. तिला वाटलं, आपलाच.

मग शेठांनी एसी लावला. शीतगृहाचा एसी तो. आंब्याला सोसेल तेवढी थंडी एवढंच त्याला ठाऊक.

फायनल मुंबईची समीक्षा आणि बंगळूरचा एक उंच खेळाडू यांच्यात होती. समीक्षाने झोकात चेंडू सोडला. तो सरसर निघाला, मग मंदावला आणि जत्रेतून ओढून नेलेल्या पोरासारखा पाय ओढत टोकाच्या दहा पिनांपर्यंत पोचला. तीन पिना पडल्या, त्याही उपकार केल्यासारख्या.

"हे काय आहे?" समीक्षा म्हणाली.

"अवघड पॅटर्न!" शेठ अभिमानाने म्हणाले.

उंच खेळाडूने दातओठ खाऊन चेंडू फेकला. तो वळायचा तिथे वळलाच नाही, भलतीकडे वळला. मुख्य पंच राजश्री मॅडम वाकून लेन बघू लागल्या. झळाळी जाऊन लाकडावर पांढुरका थर आला होता.

"थंडी फार आहे. एसी बंद करा."

एसी बंद झाला. घटकाभरात लेन पुन्हा चकाकली, आणि समीक्षाचा पुढचा चेंडू असा सुळकन घसरला, की वळायचं भानच त्याला राहिलं नाही. थेट पन्हळीत. उंच खेळाडूचाही त्याच्या मागोमाग.

"एसी लावा!"

लावला. पुन्हा थर. प्रेक्षकांत बसलेले बाकीचे खेळाडू मोबाइलवर पॅटर्नच्या आकृत्या काढू लागले. एक म्हणाला, हा पॅटर्न दर चार चेंडूंनी बदलतो. दुसरा म्हणाला, असा जगात कुठेच नाही. तेवढ्यात समीक्षाने नाक वर केलं.

"इथे कुणी करंज्या तळतंय का?"

परत आलेल्या चेंडूला पांढरं कडं लागलं होतं. करुणाने ते बोटाने पुसलं. ते बोटावर विरघळलं. थंडीच्या दिवसांत मालिशच्या वाटीत विरघळतं, तसंच.

सकाळी घाईत दुसराच कॅन उचलला होता. नोकरी गेली, सेंटर गेलं, अक्षताही दुसरंच कुणी वाटणार. आणि मग त्याहून मोठी गोष्ट ध्यानात आली. बाळाचं तेल इथे, तर इथलं तेल? आता मालिशचीच वेळ! ती दाराकडे धावली, फोन लावला. जाईबाई उचलेनात. पुन्हा लावला. स्कूटरची किल्ली शोधतेय तोच रिक्षा थांबली आणि तीतून जाईबाई उतरल्या. काखेत रडणारी मनस्वी, हातात कॅन.

"आई! तिला लावलंत हे?"

"लावीन कशी? त्याला वासच नाय गो! बिनवासाचं तेल मी पोरीला लावते होय? पाळण्याच्या कड्यांना घातलं न् वाया गेलं. तेव्हापास्नं पाळणा किरकिरत नाय, न् ही झोपत नाय! सकाळधरनं रडतेय. माझं खोबरेल कुठं नेलंस?"

करुणाने मनस्वीला छातीशी घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

जाईबाई मात्र तोवर हॉलमध्ये शिरल्या होत्या. त्यांनी नाक वर केलं. "अगो बाई, हे माझं खोबरेल!" त्या हळूच म्हणाल्या. पण जाईबाईंचं हळू म्हणजे भाट्याच्या पुलापर्यंत ऐकू जाई.

हॉल शांत झाला. शेठ आंब्यासारखे पिवळे पडले. राजश्री मॅडम कॅनकडे बघत होत्या. त्या शांततेत एकच आवाज उरला: चेंडू परत आणणाऱ्या यंत्राचा. किर्र-कट. किर्र-कट. त्याला वंगण घाल म्हणून शेठ करुणाच्या किती दिवस मागे लागले होते.

आणि मनस्वीचं रडं थांबलं. तिने मान वळवली, एक जांभई दिली, आणि डोळे मिटले.

"झोपली," करुणा पुटपुटली.

"मॅडम, एकच चेंडू राहिलाय," समीक्षा म्हणाली. "दहाच्या दहा पडल्या तर मी, नाहीतर हे."

"पाडा," जाईबाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण आवाज नको."

मॅडमनी नियमावली मनात चाळली असावी. मग त्यांनीही ओठांवर बोट ठेवलं.

समीक्षाने चेंडू अलगद ठेवला, बाळाला गादीवर ठेवावं तसा. चेंडू थिजल्या तेलावरून निघाला. लेनच्या मध्यावर तो विचारात पडला. मग तो कसाबसा पहिल्या पिनेपर्यंत पोचला आणि तिला नुसता टेकला. ती दमून शेजारणीवर कलली, शेजारीण पुढचीवर. शेवटची पिन बराच वेळ डुगडुगली आणि हळूच आडवी झाली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी नुसते हात हवेत हलवले.

"दोघांनाही तेल एकच होतं," मॅडम कुजबुजल्या. "निकाल कायम."

"पुढच्या वर्षी इथंच खेळायचं," समीक्षा म्हणाली, "आणि ह्याच तेलावर." उंच खेळाडूने मान डोलावली, त्याला फेरलढत हवी होती.

शेठांचा रंग परतला. "आमचा खास रत्नागिरी पॅटर्नच आहे तो! करुणा, तू कायम. आणि आता तरी त्या यंत्राची किरकिर घालव."

"ती राहू द्या शेठ," करुणा म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर मनस्वी पुन्हा टक्क जागी. पाळणा लोण्यासारखा हलत होता, मुका. करुणाने कड्या पुसल्या, राख लावली. पाळणा काही किरकिरेना. शेवटी ती दोरी धरून खाली बसली आणि प्रत्येक झोक्याला तोंडानेच सुरू झाली, "किर्र... कट. किर्र... कट."

मनस्वीने जांभई दिली. डोळे मिटले. करुणा थांबली.

"थांबू नको गो," पलीकडच्या खोलीतून जाईबाई पेंगत म्हणाल्या, "माझा आत्ताच डोळा लागत होता."