सात नंबरचं ‘इतर’

खिल्लारे सर कम्प्युटरसमोर बसले की आधी खिशातून प्लॅस्टिक चढवलेला एक कागद काढतात आणि एक डोळा मिटून तो स्क्रीनला लावून धरतात. कागदावर आमच्या वाचनालयाच्या प्रोग्रामच्या मेनूचा फोटो. एकाखाली एक सात ओळी: पुस्तक दिलं, पुस्तक आलं, आलं नाही, नवा सभासद, नवं पुस्तक, छपाई, आणि सातवं, इतर. कागदावरच्या ओळी स्क्रीनवरच्या ओळींवर जुळल्या की सर म्हणतात, “बराबर.” नाही जुळल्या की नुसता चष्मा पुसतात. सर चष्मा पुसायला लागले की मी समजते, आज माझा जेवणाचा डबा काही उघडत नाही.

वीसेक वर्षांमागं हा प्रोग्राम सरांनीच बांधला. विजेच्या ऑफिसात कारकून होते, आता रिटायर. कुणी शिकवलं नाही, आपलं आपणच शिकले. मीसुद्धा तशीच. दहावी नापास बाई, हिंगोलीच्या वाचनालयात टेबलाशी बसले आणि तोच मेनू दाबून दाबून कम्प्युटर शिकले. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? त्या मेनूपायी मी जेवढी वैतागले, तेवढी सासूबाईंपायीसुद्धा वैतागले नाही.

दर तीन-चार वर्षांनी कम्प्युटरचा दुकानवाला येतो, ज्याच्यावर हा प्रोग्राम चालतो त्याचं नवं व्हर्शन टाकतो, आणि सरांचा मेनू गायब होतो.

“अपग्रेड म्हंजे काय ताई,” सर सांगतात, “तुमी माहेरी गेल्या अन् मागं कुणीतरी तुमच्या सैपाकघरातले समदे डबे हलवले.”

“डबे हलवले तर मी हुडकून घेते सर. तुमच्यावाणी फोटो घेऊन बसत न्हाई.”

यंदा तर कहर झाला. सोमवारी नवं व्हर्शन पडलं. वर रंगीत चित्रांची लांबलचक पट्टी आली आणि आमचा मेनू पार कोपऱ्यात, ‘ॲड-इन्स’ नावाच्या कप्प्यात कोंबलेला. दाबला तर ‘चूक’ म्हणून लाल चौकट, बाकी हूं की चूं नाही. जवळा बाजारहून एक बाई एसटीनं पुस्तक बदलायला आलेली, ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू मीच मोडलं. आमचे सेक्रेटरी तापट. म्हणाले, “मावशी, शनिवारपर्यंत मुदत. एक जरी लाल चौकट दिसली तर हे जुनं समदं काढून टाकू. बाजारात तयार प्रोग्राम मिळतात.”

फोन केला, तर सर दहा मिनिटांत हजर. काखेत उशी. वाचनालयाची खुर्ची त्यांना परकी वाटते, म्हणून उशी घरची.

मंगळवारी दुपारपर्यंत सहा ओळी जागेवर आल्या. मी हात जोडले. वाटलं, सुटले. पण सर उठेनात. बुधवारी पुन्हा उशी, गुरुवारी पुन्हा उशी. ‘इतर’ दाबलं की लाल चौकट यायची आणि सर चष्मा पुसायचे. कम्प्युटर त्यांच्या ताब्यात, आणि मी म्हातारी वाचकांच्या नोंदी वहीत खरडत बसलेली.

“सहा चालून राहिलेत ना सर? सातवं काहून पाहिजे? इतक्या वर्षांत मी एकदा दाबलं न्हाई.”

“तुमी न्हाई दाबलं. मी दाबतो.”

“हाय तरी काय त्याच्यात?”

“टेस्टिंग.”

हे उत्तर मी वीस वर्षं ऐकत आले.

बरं, माणूस वाचणारा म्हणावा, तर तसंही नाही. दर बुधवारी बायकोच्या कार्डावर एक पुस्तक नेतात. कार्ड नंबर एक्केचाळीस. कुसुमवैनी डोंगरकडा गावच्या शाळेत बाई होत्या. सरही त्यांना बाईच म्हणतात. आधी शाळेला सुट्टी असली की त्या स्वतः यायच्या, पुस्तकावरून माझ्याशी भांडायच्या. दोन वर्षं झाली, त्यांच्या काही ध्यानात राहत नाही. माझं नावसुद्धा गेलं. आता पुस्तक परत आल्यावर सरांना विचारावं, कसं होतं? तर भुताचं असो का प्रेमाचं, “बराबर होतं.”

शुक्रवारी माझा धीर सुटला. “सर, उद्या मुदत सरते. ते सातवं काढून टाका. चौकट येणार न्हाई, बाकीचे सहा तरी वाचतील.”

“काढता येत न्हाई ताई. पहिलं तेच केलं होतं. बाकीचे सहा मागून.”

“पहिलं केलं अन् सातव्या नंबरावर टाकलं?”

“कोणी दाबू नये म्हणून.”

मग हळूच सांगितलं. प्रोग्राम नव्हता तेव्हा एकदा त्यांनी बाईंना वाचलेलंच पुस्तक पुन्हा नेऊन दिलं. बाई दोन दिवस रुसल्या, बोलल्या नाहीत. म्हणून सरांनी ‘इतर’ केलं. दाबलं की एक्केचाळीस नंबरनं अजून न नेलेल्या गोष्टीच्या पुस्तकांची यादी येते. त्यातलं पहिलं न्यायचं. आता संध्याकाळी सरच मोठ्यानं वाचून दाखवतात.

माझी जीभ मेली आवरत नाही. म्हणाले, “पण सर, वैनींना आता काय कळतं? जुनं नेलं तरी त्यांना नवंच की.”

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“त्यांना कळत न्हाई, म्हणून शिळं वाढू का?”

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच वाचनालय उघडलं, सरांसाठी चहा ठेवला आणि दार आतून लावून घेतलं. नव्या व्हर्शनला जुनी तारीख लिहायची रीत पटत नव्हती म्हणे. दहाच्या सुमारास लाल चौकट यायची थांबली आणि पुस्तकांची नावं सरसर खाली उतरली. सरांनी कागद लावून धरला. “बराबर.” सेक्रेटरींनी सातही ओळी दाबून पाहिल्या, सातवीचा अर्थ विचारला. मीच म्हणाले, “टेस्टिंग हाय.”

पुढच्या बुधवारी सर शनिवारी नेलेलं पुस्तक परत घेऊन आले. मी सवयीनं विचारलं, “कसं होतं?”

या वेळी ‘बराबर’ आलं नाही.

“ताई, दोन पानं वाचली अन् बाई म्हणाल्या, हे वाचलेलं हाय माझं.”

“अहो, पण यादीतलं ना?”

“यादीतलंच. नवंकोरं.”

“मग?”

“मग काय. रुसल्या. दोन दिवस बोलल्या न्हाईत माझ्याशी.”

समोर मेनूच्या सातही ओळी जागच्या जागी होत्या. तरी सर किती तरी वेळ चष्मा पुसत राहिले.