छान म्हणजे नक्की काय?

परचुरेकाका जेवायला बसले की ताटाकडे बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही पहिला घास घेता, चावता, गिळता, आणि समोर हा सत्तरी ओलांडलेला उंच, किडकिडीत माणूस चष्म्याच्या वरून तुमच्या भुवया आणि जिवणी तपासत असतो. तुमचा घास सुखरूप पोटात पोचला की मगच ते स्वतःचा भात कालवायला घेतात. आमची रिया पहिल्यांदा त्यांच्यासमोर जेवायला बसली तेव्हा माझ्या कानात कुजबुजली, "आई, व्हाय इज ही स्टेअरिंग ॲट माय फेस?" मी म्हटलं, "गप जेव, ते प्रेमाने बघतायत." प्रेमाचा त्यात काही संबंध असेल असं मला तेव्हा मुळीच वाटत नव्हतं.

मला वाटत होतं, या माणसाला आपला संशय आहे. आणि ज्याला आपला संशय येतो त्याचा मलाही लगेच संशय येतो, हा माझा स्वभाव. माझा नवरा नितीन म्हणतो, "तू ना मेधा, देवाने दिलेल्या प्रसादाचीही एक्सपायरी डेट बघशील." बघतेच. त्यात लाज कसली?

आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आलो तेव्हा इथे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडून काकांच्या पत्नी निर्मलाकाकू आपण होऊन आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. विचारत नाहीये, सांगतेय." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे ज्याला यायचं त्याने यावं, असा शिरस्ता होता. नवे आलेले इंजिनियर, शिकागोहून ट्रेनने येणारी दोन-चार विद्यार्थी पोरं, निवृत्त डॉक्टर, सगळे एका टेबलाभोवती. बेत वर्षानुवर्षं तोच: वरण-भात, तूप, लिंबू, बटाट्याच्या काचऱ्या, काकडीची कोशिंबीर आणि ताक. कुणी उत्साहाने पनीरची भाजी घेऊन आलं तर ती काकू फ्रिजमध्ये ठेवून द्यायच्या आणि जाताना त्याच माणसाच्या हातात परत द्यायच्या. "पोटाला बरं वाटलं पाहिजे, फोटोला नाही," असं म्हणायच्या. काका तेव्हा फक्त पाट मांडल्यासारख्या खुर्च्या मांडायचे आणि कोट घ्यायचे. ते एका मशीनच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते एवढीच त्यांची माहिती आम्हाला होती.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. पहिला रविवार संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या फोनवर काकांचा मेसेज आला: "रविवार आहे तसाच. या. स्वयंपाक मी करतोय." नितीन त्यांचा ड्राइव्हवे साफ करायला गेला होता, तर बर्फात उभे राहून काका त्याला म्हणाले, "बाकी काही नको मला. पण रविवार बंद पडला की या घराची बेल कोण वाजवणार?" नितीनने घरी येऊन हे सांगितलं. आम्ही ठरवलं, काही झालं तरी जायचं.

पण त्या रविवारांना जाणं सोपं नव्हतं. एक तर चवीचा भरवसा नाही. एका महिन्यात वरण इतकं अळणी की रुग्णालयात जेवतोय असं वाटावं, दुसऱ्या महिन्यात इतकं खारट की ताकावर ताक लागावं. त्यातून काकांची चौकशी. "कसं झालंय?" असं ते विचारायचे आणि आपण आपलं मराठी माणसाचं ठरलेलं उत्तर द्यायचं, "छान!" की लगेच चष्मा खाली यायचा.

"छान म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे... छान, काका."

"मीठ? आंबट? हिंग पुढे येतोय का मागे राहतोय? अगं, छान हा डेटा नाही."

एवढ्यावर भागत नसे. आपल्याकडे ताटात डाव्या बाजूला मीठ वाढतात, तसं काका प्रत्येकाच्या ताटात वाढायचे, आणि जेवणं झाल्यावर ताटं उचलताना कुणाचं मीठ किती उरलंय ते वाकून बघायचे. ज्याने मीठ घेतलं त्याची धडगत नाही. "कशात घातलंस? वरणात का कोशिंबिरीत? आधीच का नाही बोललास?" त्यामुळे अळणी वरण गिळून सगळे डावीकडच्या मिठाला हातही लावेनासे झाले. माझी मैत्रीण शलाका फार पोचलेली. ती बर्गरच्या दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पुड्या पर्समध्ये घेऊन यायची. एकदा टेबलाखाली पुडी फोडताना काकांनी तिला पकडलं.

"काय काढलंस पर्समधून?"

"औषध, काका."

"औषध वरणात घालतेस?"

"डॉक्टरांनी जेवणासोबतच घ्यायला सांगितलंय," असं म्हणून शलाकाने ते वरण नुसतं पिऊन टाकलं.

माझ्या डोक्यात मात्र चक्रं सुरू झाली. हा माणूस आमच्या परीक्षा घेतोय. मुद्दाम एकदा अळणी, एकदा खारट करतो आणि खोटं कोण बोलतंय ते शोधतो. क्वालिटी कंट्रोलवाल्यांना निवृत्त झाल्यावर चैन पडत नसेल. नितीन म्हणाला, "यार, तू पण ना! दुःखात आहेत, हात चुकतो." मग मला दुसरी शंका आली, की ते स्वतः करतच नसावेत, कुठून तरी मागवत असावेत, म्हणून दर वेळी चव वेगळी. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी फिरायला जाण्याचं निमित्त करून मी त्यांच्या रस्त्यावर ठेवलेल्या डब्यात डोकावूनही आले. काकडीची सालं आणि तूरडाळीची रिकामी पिशवी. म्हणजे स्वयंपाक घरातच होत होता. माझा संशय आणखीच वाढला, कारण आता काही स्पष्टीकरणच उरलं नव्हतं.

एका रविवारी तर स्वयंपाकघरातून धूर आला, अलार्म कोकलायला लागला, आम्ही सगळे धावलो. काचऱ्या जळून कोळसा झाल्या होत्या आणि काका तिथेच, कढईसमोर उभे राहून चटणीचा डबा शोधत होते. "लक्षात नाही आलं," एवढंच म्हणाले. नाकाशी काचऱ्या जळतायत आणि लक्षात नाही येत? सगळे हळहळले. मी हळहळले नाही, मी मनात नोंद केली.

हळूहळू माणसं गळायला लागली. कुणाच्या मुलाची स्विमिंग मीट, कुणाचं बेसमेंटचं काम, कुणी सरळ "काका, या वेळी कॅन्सल करतोय" असं कळवून मोकळं. पावसाळ्यासारख्या त्या चिकट उन्हाळ्यात, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, टेबल पूर्ण मांडलेलं होतं आणि आलो आम्ही तिघं आणि शलाका. काकांनी जास्तीची ताटं एकावर एक ठेवून कपाटात परत ठेवली. ताटांचा आवाज होऊ नये म्हणून ते किती जपत होते, ते बघून मला रडू आलं. तरी घरी जाताना मी नितीनला म्हटलंच, "काहीतरी लपवतायत ते."

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. त्या दिवशी स्वयंपाकाची एक अडचण असते, नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. देवाच्या आधी उष्टं होतं. माझी आई डोळ्यांच्या अंदाजाने मीठ घालायची आणि ते बरोबर पडायचं. मी अंदाजाने घातलं. मग गर्दीत नितीनला म्हटलं, "जरा वरण बघ रे." त्याने बघितलं, आणि नवऱ्यांना बघ म्हटलं की काहीतरी करून दाखवावं लागतं, म्हणून त्यानेही मीठ घातलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नैवेद्य झाला. खाली बेसमेंटमध्ये मूर्तीसमोर फोटो काढणं सुरू झालं, आणि ते आरतीपेक्षा लांबतं. काकांनी डायबेटिसची गोळी घेतली होती, त्यांना थांबणं शक्य नव्हतं. म्हणून मी त्यांना वर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकट्यालाच वाढलं. ते घास हातात धरून इकडेतिकडे बघत राहिले. खोलीत बघायला कुणाचं तोंडच नव्हतं, फक्त माझं, आणि मी काही खात नव्हते. शेवटी त्यांनी घास घेतला. मला सूड उगवायची फार दिवसांची इच्छा होती.

"कसं झालंय वरण, काका?"

"छान."

"छान म्हणजे नक्की काय?"

काका गडबडले. "मीठ... अगदी बेताचं. हिंगही छान उतरलाय."

मी सहज म्हणून चमचाभर वरण तोंडात घातलं आणि धावत सिंकपाशी गेले. तोंडात धरवेना इतकं ते खारट होतं. वळून बघते तर काका शांतपणे दुसरा घास घेत होते. भिडेखातर खात असतील? परचुरेकाका आणि भिडेखातर? शक्यच नाही. मी परत आले. मिठाची वाटी उचलली आणि विचारलं, "थोडं मीठ वाढू का वरून?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखंच, भुवया, गाल, जिवणी. मी चेहरा कोरा ठेवला होता.

"वाढ," ते म्हणाले. "चिमूटभर."

मी वाटी खाली ठेवली आणि त्यांचं ताट ओढून घेतलं. "पुरे, काका. खाऊ नका ते."

काकांनी बोटांना लागलेला भात अंगठ्याने काढला. मग म्हणाले, "कळलं वाटतं तुला."

त्यांना कोविड झाला तेव्हा वास गेला होता आणि पाठोपाठ चवही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आली नाही. तिखट तेवढं कळतं, तेही जिभेला झोंबतं म्हणून. काकू होत्या तोवर काही अडलं नाही, स्वयंपाक त्याच करत होत्या. त्या गेल्या आणि काका कढईसमोर उभे राहिले ते आंधळ्याने गाडी चालवायला बसावं तसे. चव कळायला त्यांच्यापाशी एकच साधन होतं, आमचे चेहरे आणि ताटात उरलेलं मीठ. आणि आम्ही सगळे तर "छान, छान" म्हणून त्यांना फसवत होतो.

"अहो, सांगायचं ना आम्हाला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगू? चव नसलेल्या माणसाच्या हातचं जेवायला कोण येईल, मेधा? आधी दयेने येतील. मग तेही येणार नाहीत. आत्ताच किती येतात, बघतेस ना? रविवार गेला म्हणजे हीच परत एकदा गेली." एवढं बोलून ते उठले, हात धुतले, आणि एकदम कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "खारट झालंय ना? मग रडतेस काय? बिनमिठाची डाळ लाव कुकरला आणि यात मिसळ. फोटो संपायच्या आत होईल."

पुढच्या पहिल्या रविवारी मी लवकर गेले. एकटीच. काकांनी वरणाचा चमचा माझ्यापुढे धरला, पण दुसरीकडे बघत उभे राहिले. माझ्या तोंडून सवयीने "छा..." निघालं आणि मी ते गिळलं. "मीठ चिमूटभर कमी आहे. हिंग जास्त झालाय. आणि डाळ अजून घोटायला हवी." काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं माझ्या कुठल्याही स्तुतीने कुणाच्या चेहऱ्यावर कधी पसरलेलं मी बघितलेलं नाही. आम्ही मीठ घातलं, डाळ घोटली, काचऱ्या मी सांगितल्यावर उतरवल्या. मी सगळ्यांना फोन करून करून दमवलं होतं म्हणून की काय, त्या दिवशी बरीच माणसं आली. शलाकाने दुसऱ्यांदा भात मागितला आणि माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. मी तिच्या भातावर वरण वाढलं.

सगळ्यांना वाढून झालं. काका टेबलाच्या टोकाला स्वतःचं ताट घेऊन बसले आणि मला शेजारी बोलावलं. आवाज इतका हळू केला की मला वाकावं लागलं.

"एक विचारतो. हिच्यासारखं झालंय?"

ते तूप, तो गरम भात, लिंबाची फोड, सगळं समोर होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. मी आणखी एक घास घेतला, नीट चावला, आठवायचा प्रयत्न केला.

"नाही, काका," मी म्हटलं. "काकूंसारखं नाही झालं."

त्यांनी चष्मा काढला आणि पंच्याने पुसत राहिले. मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली.

"नाहीच होणार," ते म्हणाले. "हो म्हणाली असतीस ना, तर पुन्हा तुला काही विचारलं नसतं मी. बस इथेच. ही शेवटी शेवटी प्रत्येक घासाला मला सांगायची. आता तू सांग, मी काय खातोय?"

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि वरणापासून सुरुवात केली.