एकोणीसचे बारा होत नाहीत

तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात ओली भुकटी किती तास वाळवायची, ते कॉम्प्युटर सांगायचा. पण सांगायला तीन तास घ्यायचा. प्रोग्राम तिथे कॉम्प्युटर चालवणाऱ्या वत्सलाने लिहिलेला, बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला. कॉम्प्युटर एक ओळ वाचणार, अर्थ लावणार, गणित करणार, मग पुढची ओळ. यादीतला एकेक जिन्नस आणायला दर वेळी घरून बाजारात जावं, तसला कारभार.

उत्पादनाचे चुरीसाहेब मात्र या तीन तासांवर खूश होते. ते मध्येच प्रोग्राम थांबवायचे, ओळीतला ओलाव्याचा आकडा हळूच कमी करायचे आणि पुन्हा चालू करायचे. मग ‘कॉम्प्युटर म्हणतो बारा तास’ असं सांगून ट्रक बोलवायचे. माल दमट निघाला की बोलणी वत्सलाला.

वत्सला जवळच्याच कुंभवली गावची, दुसऱ्याचं पाप पदरात घेणारी नव्हे. तिने कुठून तरी कंपायलर मिळवला आणि अख्खा प्रोग्राम एकदाच यंत्राच्या भाषेत करून टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं, एकोणीस तास.

साहेबांनी सवयीने प्रोग्राम उघडला. पडद्यावर नुसती चिन्हांची गिचमीड आणि मधूनमधून छोटे हसरे चेहरे. ते आपल्यालाच हसताहेत असं साहेबांना वाटलं, आणि त्यात फारसं चूक नव्हतं.

“मूळ ओळी कुठे आहेत?”

“माज्या पिशवीत. देनार नाय.”

“मग उद्यापासून पॅकिंगला जायचं.”

“जाते की.”

साहेबांनी छापून आलेल्या कागदावरच्या एकोणीसवर काट मारली आणि स्वतःच्या पेनाने बारा लिहिले. त्यांना दुसरा इलाजच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल पॅकिंगला आला. वत्सलाने मूठभर भुकटी दाबली, तर तिचा लाडू झाला. तिने फावडं खाली ठेवलं. तिचं बघून शेजारच्या जमुनाने ठेवलं, मग सगळ्याच बायकांनी. साहेब धावत आले आणि कॉम्प्युटरचं नाव पुढे करू लागले.

“कॉम्प्युटरनं एकोनीस सांगितलं,” वत्सला म्हणाली. “बारा तुमच्या अक्षरात हाय, साहेब. वला माल आमी भरनार नाय.”

माल परत वाळायला गेला. ट्रक फाटकाशी उभा राहिला आणि ड्रायव्हर त्याच्या सावलीत घोरू लागला. सात तासांनी चुरीसाहेब ओंजळीत भुकटी घेऊन पॅकिंगमध्ये आले. सगळ्या बायकांदेखत त्यांनी ओंजळ वत्सलापुढे धरली आणि खालच्या आवाजात विचारलं, “आता भरायची का?”

वत्सलाने चिमूटभर घेतली, फुंकली, ती उडाली.

“भरा,” ती म्हणाली.